जुने वस्त्र आणि नवी पिढी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात वस्त्रासारखा विषय, आणि त्यातही जुन्या, वापरलेल्या वस्त्राचा विषय निवडला गेला याचे काहींना नवल वाटेल. उत्सव म्हटला की नवे वस्त्र ही आपली रीत आहे. दिवाळी-पाडव्याला, लग्नकार्याला कोऱ्या कापडाचा वास दरवळल्याखेरीज घरात सण आल्यासारखे वाटत नाही. असे असता गेल्या काही वर्षांत शहरात शिकणारी, घरून येणाऱ्या मोजक्या पैशांत महिना काढणारी मुले-मुली हौसेने वापरलेले कपडे विकत घेऊन घालू लागली आहेत. ती हे लपवीत नाहीत. उलट मैत्रिणीने विचारले तर कोठून घेतले, केवढ्याला घेतले, हे अभिमानाने सांगतात. घरी मात्र आईच्या कपाळाला आठी पडते. "आम्ही तुला काय कमी केले म्हणून परक्याचे उतरलेले कपडे घालतेस?" असा तिचा सवाल असतो.

हा सवाल हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यात एका पिढीची लाज आणि एका पिढीचा स्वाभिमान दडलेला आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. तरुण मंडळी ज्याला 'थ्रिफ्ट' म्हणतात त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ साधा काटकसर असाच आहे. 'व्हिंटेज' हा शब्द द्राक्षांच्या मळ्यातून आला. एखाद्या हंगामाची द्राक्षे आणि त्यांचे मद्य यासाठी तो वापरला जाई, पुढे जुन्या पण जातिवंत वस्तूला तो लागला. कपड्यांच्या व्यवहारात साधारणतः वीस वर्षांहून जुन्या वस्त्राला व्हिंटेज म्हणण्याचा प्रघात आहे. म्हणजे आजच्या श्रोत्यांपैकी अनेकांच्या लग्नातील सफारी सूट आणि बेलबॉटम पँट आता या मानाच्या पंक्तीत जाऊन बसले आहेत.

वापरलेले कापड पुन्हा वापरणे ही गोष्ट आपल्याकडे कोणी नव्याने शिकवावी अशी स्थिती कधीच नव्हती. नऊवारी लुगडे मध्यभागी विरले की तो भाग कापून काढीत आणि उरलेले दोन चांगले तुकडे जोडून दांड घालीत. दांड घातलेले लुगडे घरात नेसण्यास चाले. तेही विरले की त्याची वाकळ किंवा गोधडी होई. त्यातला सर्वांत मऊ भाग बाळाच्या दुपट्यासाठी राखून ठेवला जाई. नवजात बाळाच्या अंगावर पहिले कापड जुने असावे, तेही घरातील दीर्घायुषी माणसाचे असावे, ही प्रथा अनेक घरांत होती. तिच्यामागे श्रद्धेइतकाच व्यवहारही होता, कारण शंभर वेळा धुतलेल्या सुताइतके मऊ दुसरे काही नसते. शर्टाची कॉलर झिजली की शिंपी ती उसवून उलटी करून लावून देत असे. थोरल्याचा सदरा धाकट्याला आणि धाकट्याचा त्याच्या पाठच्याला हा तर घराघरांतील अलिखित कायदा होता. १९४३ साली युद्धाच्या टंचाईत सरकारने कापडाच्या व्यवहारावर नियंत्रण आणले, तेव्हा ही हुन्नर मध्यमवर्गाच्याही कामी आली. त्याच साली इंग्लंडमध्ये, जेथे १९४१ पासून कपड्यांसाठी कुपने लागत होती, तेथील सरकारने जुने कपडे कसे दुरुस्त करावेत याची पुस्तिका छापून वाटली. महाराष्ट्रातील आजीला अशा पुस्तिकेची गरज भासली नसती.

घरात वापरून उरलेले कापड बाहेर पडे ते बोहारणीच्या हाती. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि काखेत कपड्यांचे गाठोडे घेऊन दुपारच्या निवांत वेळी गल्लीत येणारी बोहारीण श्रोत्यांतील पन्नाशीपुढच्या भगिनींना आठवत असेल. आधी पितळेची, पुढे स्टीलची आणि नंतर प्लॅस्टिकचीही भांडी तिच्या पाटीत दिसू लागली. ती प्रत्येक कपडा उजेडाकडे धरून पाही. कोठे विरला आहे, कोठे कसर लागली आहे, हे तिच्या नजरेतून सुटत नसे. मग दोन पँटी आणि एका साडीवर डबा मिळावा की पातेले, यावर तासभर घासाघीस चाले. गृहिणीला वाटे आपण जिंकलो. बोहारीण पाटी उचलताना मनात काय म्हणत असे ते तिलाच ठाऊक. जरीची साडी ती डोळ्यांत तेल घालून शोधी. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची बारीक तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. अशी साडी जाळून तिच्यातील चांदी काढली जात असे. महाराष्ट्रातील किती जुन्या पैठण्या आणि शालू अशा रीतीने चार-सहा तोळे चांदीसाठी आगीत गेले असतील याची गणती नाही. पैठणीचे पारंपरिक विणकाम असे की तिची उलट आणि सुलट बाजू जवळजवळ सारखीच दिसते. पन्नास वर्षे नेसलेली पैठणीही उलटून नेसता येते. आज अशा जुन्या पैठणीसाठी संग्राहक शोधाशोध करतात.

बोहारणीच्या गाठोड्याचे पुढे काय होई, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मुंबईत आणि उत्तरेत हा व्यवसाय मुख्यतः गुजरातेतून आलेल्या वाघरी, म्हणजेच देवीपूजक समाजातील स्त्रियांनी सांभाळला. दिल्लीत रघुबीर नगर येथे त्यांचा बाजार सूर्योदयापूर्वीच भरतो. तेथे कपड्यांची वर्गवारी होते. घालण्याजोगे कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून पदपथावरील विक्रेत्यांकडे जातात. रेशमी साड्यांचे तुकडे जोडून पर्यटकांसाठी पिशव्या, उशांचे अभ्रे आणि झगे होतात. अगदीच फाटके सुती कापड यंत्रे पुसण्यासाठी कारखान्यांत जाते. लोकरीचे कपडे हरियाणातील पानिपतला पोचतात. तेथे स्त्रिया बटणे आणि साखळ्या काढतात, रंगांनुसार ढीग लावतात, आणि यंत्रे त्या कपड्यांचा पुन्हा धागा करतात. रंगाप्रमाणे निवड झालेली असल्याने नव्याने रंगवण्याची गरज फारशी उरत नाही. जुन्या लोकरीपासून धागा काढण्याची ही कला १८१३ च्या सुमारास इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात बॅटली या गावी सुरू झाली. पानिपतने ती इतकी आत्मसात केली की भूकंप-महापुरानंतर जगभर वाटल्या जाणाऱ्या कांबळ्यांचा मोठा वाटा तेथूनच जाऊ लागला.

परदेशांत या व्यवहाराला संस्थांचे रूप आले. अमेरिकेत बॉस्टन येथे १९०२ साली एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने श्रीमंत वस्तीतून जुने कपडे गोळा करून ते गरिबांकडून दुरुस्त करवून घेण्याची आणि विकण्याची योजना आखली. तीच आजची गुडविल संस्था. इंग्लंडमध्ये ऑक्सफॅम संस्थेचे ऑक्सफर्डमधील दुकान १९४७ च्या अखेरीस सुरू झाले. आपल्याकडे अंशू गुप्ता यांनी १९९९ साली 'गूंज' संस्थेची स्थापना केली, आणि २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गूंजची एक पद्धत विशेष विचार करण्यासारखी आहे. खेड्यातील लोक श्रमदानाने विहीर खणतात, रस्ता नीट करतात, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून त्यांना कपडे मिळतात. कपडा येथे भीक होत नाही, मजुरी होते.

हा भेद वाटतो त्याहून फार जुना आहे. १९२१ साली परदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या तेव्हा ते कापड जाळण्यापेक्षा उघड्या-नागड्यांना का देऊ नये, असा आक्षेप थोर माणसांकडून घेतला गेला. गांधीजींनी त्यास दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की, ज्याला कामाची गरज आहे त्याला टाकाऊ वस्त्र देणे हा त्याचा अपमान आहे. त्या मतभेदात कोणाची बाजू खरी, हा इतिहासकारांचा प्रश्न. वस्त्र देणाऱ्याच्या मनात घेणाऱ्याविषयी काय आहे, हे मात्र तेव्हापासून उघड्यावर आले ते आजतागायत.

आईच्या कपाळावरील आठीचे मूळ येथेच आहे. उतरलेले कपडे हे आपल्या समाजव्यवस्थेत केवळ कपडे नव्हते. कोण देतो आणि कोण घेतो, यावरून कोण वरचा आणि कोण खालचा हे ठरत असे. मालकाचा जुना कोट गड्याला, मालकिणीची जुनी साडी मोलकरणीला. ते घालून समोर आले की देणाऱ्याला आपली उदारता दिसे आणि घेणाऱ्याला आपली पायरी. काही समाजांवर तर शतकानुशतके इतरांनी टाकलेल्या वस्त्रावरच राहण्याची सक्ती होती, प्रेतावरचे कापडही त्यांच्याच वाट्याला येई. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले, त्यात लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास आणि जातीची खूण पटवणारे दागिने टाकून देण्यास त्यांनी आवर्जून सांगितले. वेशावर किती मोठा भार असतो हे त्यांनी जाणले होते. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या लोकांचे उतरलेले अंगावर वागवले, त्या घरातील मुलाने पहिल्या पगारात घेतलेला कोरा शर्ट हा चैनीचा विषय नाही. त्याला 'जुनेही छान दिसते रे' असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

म्हणून आजच्या तरुणांमध्ये आलेल्या या लाटेचे कौतुक करताना तिचे नेमके काय कौतुक करावयाचे, हे समजून घेतले पाहिजे. जुना कपडा तोच आहे, बदलला आहे तो त्याच्यापर्यंत पोचण्याचा मार्ग. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एखादी मुलगी घ्या. खोलीभाडे, मेस, अभ्यासिका आणि पुस्तके यांत तिचे पैसे संपतात. कोणी दयेने दिलेला ड्रेस ती घेणार नाही, आणि घेतला तरी मैत्रिणींत घालणार नाही. तोच ड्रेस तिने रविवारी बाजारात जाऊन दहा कपड्यांतून निवडला, घासाघीस केली, स्वतःच्या पाकिटातून पैसे दिले, शिंप्याकडून बाह्या आखूड करून घेतल्या, की तो तिचा झाला. तिने तो विकत घेतला आहे. तिच्यावर कोणाचे उपकार नाहीत. आईने 'परक्याचे उतरलेले' म्हटले ते तिच्या लेखी 'मी शोधून काढलेले' असते. या दोन शब्दांतले अंतर कापायला समाजाला फार काळ लागला.

तिला जुने का आवडते, याची कारणे केवळ पैशाची नाहीत. नव्या स्वस्त कपड्यांचे कापड पातळ, शिलाई विरळ आणि आयुष्य एका हंगामाचे असते. जुन्या शर्टात शिलाईच्या आत भरपूर कापड दाबून ठेवलेले असे, त्यामुळे तो सैल किंवा घट्ट करता येतो. शिवाय तसा शर्ट वर्गात दुसऱ्या कोणाकडे नसतो, आणि वयाच्या विसाव्या वर्षी ही गोष्ट फार महत्त्वाची असते. पर्यावरणाचाही विचार अनेकांच्या मनात असतो. एका सुती टी-शर्टसाठी, कापूस पिकवण्यापासून धरले तर, सुमारे २,७०० लिटर पाणी लागते असा अंदाज नेहमी सांगितला जातो. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे गेली, त्यांतील बहुतेक तयार कपड्यांच्या कारखान्यांत काम करणारी होती. स्वस्त कपड्याची किंमत कोण भरतो, हे त्या दिवशी जगाला दिसले.

माल येतो कोठून, हेही पाहिले पाहिजे. पुण्याचा बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार ही नावे सर्वांच्या परिचयाची. दिल्लीच्या सरोजिनी नगरात निर्यातीतून नाकारलेला माल येतो, तो वापरलेला नसतो, पण मुले त्यालाही थ्रिफ्टच म्हणतात. नागालँड, मणिपूर या राज्यांत परदेशी वापरलेल्या कपड्यांचे बाजार फार पूर्वीपासून आहेत, आणि तेथील तरुणांच्या नीटनेटक्या पेहरावाचे कौतुक करणाऱ्यांना त्याचा हा उगम सहसा माहीत नसतो. वापरलेले कपडे भारतात मुक्तपणे आयात करता येत नाहीत, त्यासाठी परवाना लागतो. चिंध्या म्हणून येणारे लोकरी कपडे तर आधीच कापून निकामी करून आणावे लागतात. १९६५ साली स्थापन झालेल्या कांडल्याच्या मुक्त क्षेत्रात परदेशी कपड्यांची निवड होऊन बराचसा माल पुन्हा बाहेर जातो. त्यातील काही आडमार्गाने देशी बाजारात उतरतो, ही तक्रारही जुनीच. २०२० च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या अनेक मुलींनी आपल्या आणि आईच्या कपाटातील कपड्यांची छायाचित्रे काढून इन्स्टाग्रामवर विक्री मांडली, आणि तेव्हापासून हा व्यवहार मोबाइलवर आला.

येथून पुढे कौतुक थोडे आवरते घ्यावे लागते.

बाजारात अल्प किमतीला मिळणारा शर्ट मोबाइलवर कित्येक पटीने विकला जातो. त्यात धुणे, इस्त्री, छायाचित्र, टपालखर्च यांचे श्रम आहेत, आणि विकणारीही पुष्कळदा फीचे पैसे जमवणारी विद्यार्थिनीच असते. तिच्या नफ्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ज्यांना नवे सहज परवडते अशी मुले हौसेखातर बाजारातील चांगला माल पहाटेच उचलून नेतात, तेव्हा खरोखर गरजेपोटी आलेल्या मुलासाठी उरतो तो खालचा ढीग. काटकसरीच्या नावाखाली एका वेळी पंधरा कपडे घेऊन त्यांचे प्रदर्शन मांडणे ही तर निव्वळ हाव आहे, मग ते पंधराच्या पंधरा जुने का असेनात. श्रावकाच्या परिग्रहपरिमाण व्रतात जमीन, घर, सोने यांच्या जोडीने 'कुप्य' येते, आणि टीकाकारांनी त्यात कापसाची व रेशमाची वस्त्रे गणली आहेत. कपाटातील कपडे मोजण्याचा विषय आपल्याकडे इतका प्राचीन आहे. जुने आहे म्हणून ते मोजणीतून सुटत नाही. रेशमाचा प्रश्न आणखी नाजूक. जुनी रेशमी साडी घेतल्याने नवा कोश उकळला जात नाही, हे खरे. तरीही रेशीम अंगाला लावायचेच नाही असा ज्यांचा नियम आहे त्यांना हा युक्तिवाद पटणार नाही, आणि पटवण्याचे कारणही नाही.

या सगळ्यात बोहारणीचे काय झाले? मोठ्या गृहसंकुलांच्या फाटकावर पहारेकरी तिला आत सोडत नाही. स्टीलच्या पातेल्याचे अप्रूप गृहिणीला राहिले नाही. कृत्रिम धाग्याच्या कपड्याला चिंधी म्हणूनही किंमत येत नाही, आणि खरी जरी तर दुर्मीळच झाली. ज्या स्त्रियांनी जुन्या कापडाची पारख पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांच्या मुली दुसरी कामे शोधत आहेत, आणि नेमक्या त्याच वेळी ती पारख मोबाइलवर नव्याने शिकवली जात आहे. रफूगरांची अवस्था वेगळी नाही. उत्तर प्रदेशातील नजीबाबादचे रफूगर शाल अशी सांधतात की भोक कोठे होते हे सापडत नाही. आपल्या शहरांतील पेठांतून मात्र रफूची दुकाने एकेक करून मिटली.

पारख म्हणजे काय, हे युवक मित्रांसाठी थोडे सांगणे अगत्याचे आहे. जुना कपडा घेताना आधी काख, कॉलर आणि बाहीची कड पाहावी, कारण घामाने कापड तेथेच कुजते. कापड दोन्ही हातांनी हलके ताणून उजेडाकडे धरावे. धागा कशाचा आहे याची शंका असल्यास शिलाईच्या आतील एक सूत ओढून जाळून पाहावे. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशीम आणि लोकर यांना जळक्या केसांचा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. अंगाला थोडा सैल असलेला कपडा घ्यावा. सैल कपडा आत घेता येतो, घट्ट असेल तर शिलाईत किती कापड आहे त्यावर सारे अवलंबून. साखळी बदलता येते, बटणे बदलता येतात, पण पिवळा पडलेला डाग जुना झाला की सहसा जात नाही. घरी आणल्यावर सुती कपडा गरम पाण्यात धुवावा, कडक उन्हात वाळवावा आणि मगच कपाटात ठेवावा, नाहीतर कसर सोबत येते. विकणाऱ्याने दोष सांगितला नाही तर घेणाऱ्याने विचारावा. यात संकोच कसला?

आता आपल्या समाजातील एका कपाटाकडे वळणे भाग आहे, ते म्हणजे लग्नाचे कपाट. एका दिवसासाठी घेतलेला घागरा, शालू, शेरवानी पुढची वीस वर्षे डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहते. छायाचित्रांत एकदा दिसलेला पोशाख पुन्हा कसा घालावा, हा नवा संकोच मोबाइलमुळे आला आहे. त्याच गल्लीत बेताच्या घरातील मुलीच्या लग्नासाठी वडील व्याजाने पैसे काढून तसाच घागरा घेतात, हे या सभागृहातील अनेकांना ठाऊक आहे. तो घागरा एका घरातून दुसऱ्या घरात का जात नाही? देणारे तयार असतात, पण देण्याची रीत चुकते. 'अमुकांच्या सुनेचा आहे बरं का' हे वाक्य मांडवात पोचले की घेणारी मुलगी त्या दिवसापुरती पुन्हा गड्याच्या कोटात उभी राहते.

२०१६ च्या सुमारास महाराष्ट्रात अनेक गावी 'माणुसकीची भिंत' उभी राहिली. नको असेल ते येथे ठेवा, हवे असेल ते घेऊन जा, अशी ती सुंदर कल्पना होती. पहिल्या दिवाळीला तिने पुष्कळांच्या अंगावर कपडे घातले. पुढे काही ठिकाणी तिचा उकिरडा झाला. लोक फाटके, मळके, एकेकट्या मोज्यापर्यंत सारे आणून टाकू लागले. घेणाऱ्याला रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेखाली ढीग उपसावा लागे. देणाऱ्याचे घर स्वच्छ झाले, एवढेच काय ते हाती आले. आफ्रिकेतील घाना देशात अक्रा शहराचा कांतामांतो हा जुन्या कपड्यांचा प्रचंड बाजार आहे. २०२५ च्या जानेवारीत तो आगीत मोठ्या प्रमाणावर भस्मसात झाला, पण त्याच्याही कित्येक वर्षे आधीपासून श्रीमंत देशांनी 'दान' केलेल्या निरुपयोगी कपड्यांचे थर तेथील समुद्रकिनाऱ्यावर साचत होते. भिंतीची आणि या किनाऱ्याची गोष्ट एकाच जातीची आहे.

तेव्हा असे केंद्र कोणी सुरू करणार असेल, आणि अनेक संस्था तसा विचार करीत आहेत, तर त्याला चांगल्या दुकानाचे स्वरूप द्यावे. कपडे धुतलेले, दुरुस्त केलेले आणि मापांप्रमाणे लावलेले असावेत. मोठा आरसा आणि पडदा असलेली खोली असावी. प्रत्येक कपड्यावर किंमत लिहिलेली असावी, ती अल्प असावी, पण असावी, कारण पैसे देणाऱ्याला नापसंत कपडा परत करण्याचा हक्क राहतो. कपडा कोणाच्या घरून आला हे कोठेही लिहू नये. श्रीमंतांच्या मुलांनीही तेथे खुशाल यावे, मात्र एका वेळी दोनहून अधिक कपडे कोणालाच देऊ नयेत. लग्नाचे पोशाख विकण्याऐवजी अनामत घेऊन वापरायला द्यावेत, आणि त्यांची नोंद नावाऐवजी क्रमांकाने ठेवावी. कपडे गोळा करण्याचा हंगाम दिवाळीच्या साफसफाईचा. मांडण्याचा हंगाम जूनचा, वसतिगृहे उघडतात तेव्हाचा. आणि आलेल्या गाठोड्यांची पहिली निवड हौशी कार्यकर्त्यांकडे सोपवू नये. या शहरात अजून काही वयस्क बोहारणी आहेत. डोळे मिटून, नुसत्या अंगठ्याच्या स्पर्शाने सूत कोणते आणि मिश्रण कोणते हे त्या सांगतात. त्यांतील दोघीतिघींना आठवड्यातून दोन दिवस, ठरलेल्या रोजावर, त्या कामाला बोलवावे.